रुक्मिणीच्या पत्राला कात्री

विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटकाच्या आधी भाषणं ऐकावी लागतात. धान कापून पुंजणे लागले, दिवाळी सरली, गावोगाव मंडई भरू लागली की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या रोज नव्या गावी धावतात. आणि दहाला सुरू व्हायचं नाटक उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी असे सगळ्यांचे सत्कार आटोपून साडेअकराला सुरू होतं. पेटीवाला ताटकळलेला, बाया शालीत पोरं गुंडाळून बसलेल्या, आणि माईकवर पाहुणे संस्कृती वाचवत असतात. सिंदेवाही, नवरगाव, तळोधी, नागभीड, कुठेही जा. अलीकडे या भाषणांना एक नवा विषय सापडला आहे. मोबाईलवरचे ते जोड्या जुळवण्याचे कार्यक्रम.

मुद्दा साधारण असा असतो. पोरं-पोरी एका बंगल्यात नाहीतर बेटावर राहतात, एकमेकांना निवडतात, टाकतात, रडतात, पुन्हा दुसऱ्याला निवडतात, आणि आपल्या घरातल्या लेकी हे डोळे फाडून बघतात. म्हणून त्या बिघडल्या. म्हणून पळून जातात. म्हणून शेतकऱ्याच्या चांगल्या पोराला तोंडावर नाही म्हणतात. हे सगळं पश्चिमेकडून आलेलं खूळ; आपल्याकडे रुक्मिणी होती, सावित्री होती, दमयंती होती, त्यांचा आदर्श ठेवा. टाळ्या पडतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात हेच, व्हॉट्सअॅपवर हेच, आणि आता बऱ्या लिहित्या माणसांच्या लेखांतही हेच येऊ लागलं आहे.

मला हा सगळा युक्तिवाद मुळातून चुकलेला वाटतो. सगळ्यात जास्त चुकली आहेत ती त्यातली उदाहरणं.

रुक्मिणीचंच घ्या. ती आपलीच, विदर्भाची, वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरची. भावाने, रुक्मीने, स्थळ ठरवलेलं, शिशुपालाचं. बोलणी झालेली, मांडव पडलेला. अशा वेळी या लेकीने ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याच्याबद्दल फक्त ऐकलं, अशा माणसाला पत्र लिहिलं आणि घरच्यांच्या नकळत एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला धाडलं. पत्रात नुसतं प्रेम नव्हतं, बेत होता. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाच्या रिवाजाप्रमाणे मी गावाबाहेर अंबिकेच्या देवळात येईन, तिथून मला घेऊन जा. आज हे घडलं असतं तर रुक्मीने पोलिस ठाणं गाठलं असतं आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर ‘फूस लावून पळवून नेले’ अशी तीन ओळींची बातमी आली असती. फूस कोणी कोणाला लावली हे पत्र वाचलेल्यालाच कळलं असतं.

आणि गंमत पुढेच आहे. संत एकनाथांनी 1571 साली काशीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ पुरं केलं. त्याही आधी, यादवांच्या काळात, महानुभाव कवी नरेंद्राने याच कथेवर काव्य रचलं होतं. एकनाथांची ती पोथी आजही घरोघर वाचली जाते, आणि ती वाचायला कोणाला बसवतात? लग्न जमत नसलेल्या पोरीला. पारायण कर, चांगलं स्थळ येईल. म्हणजे भावाने ठरवलेलं स्थळ मोडून पळालेल्या पोरीची कथा आपण लेकीच्या हातात देतो, ती कशासाठी, तर तिने भावाने ठरवलेल्या स्थळाला हो म्हणावं यासाठी. मी याला ढोंग म्हणणार नाही. कथेतला नेमका तो भाग ऐकायचाच नाही ही आपली जुनी सवय आहे.

सावित्रीचंही तेच केलं. ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळताना आपण यमाच्या मागे चालत जाणारी सावित्री आठवतो. त्याआधीची? बापाने, अश्वपतीने, तिच्यासाठी कोणी येईना म्हणून तिलाच सांगितलं, तू जा आणि बघ. ती रथ घेऊन निघाली, देश पालथा घातला, आणि राज्य गमावलेल्या आंधळ्या राजाच्या रानात राहणाऱ्या पोराला पसंत करून परत आली. नारदाने सांगितलं, हा वर्षभराचा सोबती आहे. बाप म्हणाला, दुसरा बघ. ती नाही म्हणाली. देवर्षीला आणि बापाला, भर सभेत. आजच्या कुठल्याही कार्यक्रमातल्या पोरीने याहून ठाम नकार दिलेला मी तरी बघितलेला नाही.

दमयंतीही विदर्भाचीच. इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चार देव नळाचं रूप घेऊन मांडवात बसले तरी तिने आपला माणूस ओळखून काढला, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. कालिदासाच्या इंदुमतीने एकेका राजासमोर थांबून त्याची कीर्ती ऐकली आणि पुढे चालू पडली, तीही भोज राजाची बहीण, इकडचीच. जुन्या कथांत स्वतः नवरा निवडणाऱ्या राजकन्या शोधायला गेलं की पाय पुन्हा पुन्हा विदर्भात येतात, आणि इथेच माईकवर सांगितलं जातं की पोरीने नवरा निवडणं हे बाहेरचं खूळ आहे.

कात्री फक्त पुराणालाच लागते असं नाही. चंद्रपूरला अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यात सगळ्यात देखणी राजा बीरशहाची. राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधली, म्हणून तिला उलटा ताजमहाल म्हणायची पद्धत पडली आहे. तिथे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कथेत पुढे काय आहे? मुलगा नाही म्हणून बीरशहा दुसरं लग्न करायला निघाला आणि त्या धामधुमीत हिरामण नावाच्या त्याच्याच सेवकाच्या तलवारीने पडला, असं सांगतात. साल 1704. म्हणजे ज्या प्रेमाचं स्मारक आपण दाखवतो त्यातला नवरा सवत आणायला निघाला होता. हिराईने समाधी बांधली, रामशहाला दत्तक घेतलं, तो लहान असताना चांद्याचा कारभार बघितला, महाकालीचं देऊळ उभारलं. यातली रडणारी राणी आपण ठेवली आणि कारभारी राणी तळटीपेत टाकली. चॅनेलवाले कापाकापी करून कथा बनवतात म्हणून ओरडणाऱ्यांनी हेही बघावं.

आता दुसरा आक्षेप. हे कार्यक्रम खोटे असतात, सगळं आधी लिहून दिलेलं असतं, आणि बिचारा खेड्यातला प्रेक्षक ते खरं मानतो. या आक्षेपात प्रेक्षकाचा जो अपमान आहे तो मला मूळ कार्यक्रमांपेक्षा जास्त खटकतो. अहो, हा झाडीपट्टीचा प्रेक्षक आहे. पहाटे तीनला नायक मेला की ढसाढसा रडतो आणि पाच वाजता त्याच नायकाला टपरीवर चहा पिताना बघून ‘मस्त मेले भाऊ’ म्हणून दाद देतो. त्याला खरं-खोटं शिकवायला जाऊ नये. 2009 साली ‘राखी का स्वयंवर’ टीव्हीवर आलं तेव्हा या भागातही घरोघर बघितलं गेलं. शेवटी राखीने टोरांटोचा एक मुलगा निवडला, साखरपुडा झाला, आणि पुढे तो मोडला. कोणाला धक्का बसला? कोणालाही नाही. आणि लिहून दिलेलं म्हणाल तर दमयंतीचं दुसरं स्वयंवर आठवा. हरवलेला नळ ऋतुपर्ण राजाकडे सारथी आहे असा संशय आल्यावर तिने फक्त त्या एका राजाला, फक्त एका दिवसाची मुदत देऊन, खोटंच आमंत्रण धाडलं. कारण एका दिवसात अयोध्येहून रथ हाकत आणणारा माणूस एकच होता. सबंध बनाव, एका प्रेक्षकासाठी. ती कथा खोटी ठरवून आपण फेकली नाही.

मग लोक बघतात ते काय? याचं उत्तर ज्याला हवं त्याने पोरगी पाहायला जाण्याचा एखादा कार्यक्रम नीट आठवावा.

सकाळपासून घर सारवलेलं किंवा पुसलेलं. शेजारून चार खुर्च्या आणि चांगल्या कपबश्या आणलेल्या. पाहुणे पाच येणार म्हणून सांगितलेलं, गाडीतून नऊ उतरतात. पाण्याचा तांब्या, मग पोहे, मग चहा. मग पोरगी. नाव सांग. शिक्षण किती. स्वयंपाक येते का सगळा. उंची किती आहे हो हिची? एखादी म्हातारी उगाच हात हातात घेते, का, तर बोटं बघायची असतात. पोरगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. पोरीच्या हातावर नोट ठेवली जाते. आणि निघताना ते वाक्य, ‘घरी जाऊन कळवतो.’ मग आठ दिवस निरोप नाही, आणि निरोप नाही हाच निरोप. हे एका पोरीच्या वाट्याला एकदाच येत नाही. परीक्षक आहेत, फेऱ्या आहेत, बाद होणं आहे, कारण न सांगता बाद होणं आहे. फक्त कॅमेरा नाही, आणि जिची परीक्षा चालली आहे तिला मत नाही.

ज्या पोरीने हे सोसलं आहे, किंवा मोठ्या बहिणीला सोसताना दाराआडून बघितलं आहे, तिच्या हातातल्या मोबाईलवर एक दिवस उलटं चित्र दिसतं. पोरगी बसली आहे आणि पोरं उभी आहेत. तीच विचारते आहे, तीच हसते आहे, आणि तिला पटलं नाही तर ती त्याच्या तोंडावर सांगते, नाही. तो बॅग उचलून जातो. आभाळ कोसळत नाही. बघणाऱ्या पोरीचा जीव त्या चुंबनात किंवा फुलांच्या कमानीत अडकलेला नसतो. तो त्या ‘नाही’त अडकलेला असतो. कॉलेजच्या पोरी बसस्टँडवर या कार्यक्रमांबद्दल बोलताना कधी ऐकलंत? ‘कित्ती गोड’ असं क्वचित. बहुतेक वेळा, ‘तिनं त्याले आधीच हाकलाले पाह्यजे होतं.’

आणि झाडीपट्टीचं नाटक तरी वेगळं काय पुरवतं? नवरगाव आमच्याच सिंदेवाही तालुक्यातलं नाटकवेडं गाव. तिथल्या सदानंद बोरकरांच्या एका गाजलेल्या नाटकाचं नाव आहे ‘माझं कुंकू मीच पुसलं’. हे नाव फलकावर वाचूनच बाया घरचं आटोपून तिकिटाच्या रांगेत उभ्या राहतात. 1916 साली बालगंधर्वांनी ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी उभी केली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बायका साडीची किनार बघायला जात असं म्हणतात. बघायला जात असतील. पण त्या किनारीच्या आत भावाचं न ऐकणारी एक पोरगी होती हे त्यांना कळत नव्हतं असं मानायचं कारण नाही.

जुन्या लोकांना या कार्यक्रमांना नावं ठेवताना आपली मंडईही आठवत नाही याचं नवल वाटतं. भाऊबीजेपासून सुरू होणाऱ्या मंडया कशासाठी असतात? दंडार, खडी गंमत, रात्रीचं नाटक, हे आहेच. पण पाहुणे दोन दिवस मुक्कामाला का येतात? सोयरिकी जुळवायला. लग्नाच्या वयाची पोरं नवे कपडे घालून दुकानांच्या ओळीत चार चकरा जास्त मारतात, पोरी बांगड्यांच्या दुकानात जरा जास्त वेळ घालवतात, आणि दोन्हीकडच्या मावश्या सगळं टिपत असतात. साक्षगंधाची बोलणी कित्येकदा तिथूनच सुरू होतात. गोंड समाजात लमसेनाची चाल होती. होणारा जावई सासऱ्याच्या घरी राहून शेतीत राबायचा, आणि पोरगी आणि तिचं घर त्याला जवळून पारखायचं. शहरातल्या माणसाला बेटावर सहा आठवडे राहिलेली पोरं फार धाडसी वाटतात. इकडे पोरगा वर्षानुवर्षं नांगर धरून दाखवत असे.

आता शेवटचा आणि सगळ्यात दुखरा मुद्दा. शेतकऱ्याच्या पोराला मुली मिळत नाहीत. हे खरं आहे, आणि ज्या घरात तिशी उलटलेला पोरगा आहे तिथलं दुःख थट्टेचं नाही. 2022 च्या डिसेंबरात सोलापूरला लग्नाळू तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. देशभर हसू झालं. पण त्या मोर्च्याची एक मागणी गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा नीट राबवा ही होती. त्या पोरांना दुखणं कुठे आहे ते कळलं होतं. आमच्या माईकवाल्यांना अजून कळलेलं नाही. ते म्हणतात, मोबाईलमुळे.

सिंदेवाही तालुक्यातली एखादी पोरगी शेतीवाल्या स्थळाला नाही म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे कुठला बंगला असतो असं वाटत असेल तर तिच्याबरोबर एकदा रोवणीला उतरा. घोटाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत, दिवसभर वाकून. आईची कंबर चाळिशीत कशाने गेली हे तिला ठाऊक आहे, आणि सातबारावर आईचं नाव नाही हेही. धानाला मिळणारा भाव तिला तोंडपाठ आहे. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. 2025 च्या मे महिन्यात याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांचा एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. ज्या गावात संध्याकाळी सातनंतर कोणी बाहेर पडत नाही, त्या गावी नांदायला जाऊ का, याचा हिशेब करायला पोरीला कुठल्याही कार्यक्रमाची शिकवणी लागत नाही. तो नकार तिने शेतात शिकलेला आहे. मोबाईलने फार तर एवढं दाखवलं की नकार मोठ्याने देता येतो.

याचा अर्थ ते कार्यक्रम चांगले असा मुळीच नाही. मला ते बहुतेक कंटाळवाणे वाटतात आणि काही तर किळसवाणे. त्यातली पोरं-पोरी एकाच साच्याची, एकाच रंगाची, व्यायामशाळेतून थेट आलेली. रोवणी केलेला एक हात तिथे दिसत नाही. जात तर कोणालाच नसते! आपल्या आयुष्यात लग्नाचा पहिला प्रश्न जो असतो तोच तिथे गायब. त्या मानाने 2020 मध्ये आलेलं ‘इंडियन मॅचमेकिंग’ प्रामाणिक म्हणायचं, गोरी, उंच, घरंदाज असं सरळ बोलून तरी दाखवत होतं. आणि ज्या पोरीने पडद्यावर नाही म्हटलं तिला पुढे महिनोन्महिने शिव्या घालायला हजारो पुरुष मोकळे असतात. टीका करायची तर यावर करा. निवड खोटी आहे, महागड्या माणसांपुरती आहे, यावर करा. निवड आहे यावर नको.

कारण खरी निवड करायला निघालेल्या पोरा-पोरींना आपण काय देतो ते बघा. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस, आणि ती कार्यालयात लावली जाणार, म्हणजे काका-मामांना शोधायची तसदी नको. 2022 च्या डिसेंबरात राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती काढली. ओरड झाल्यावर त्यातून आंतरजातीय शब्द वगळला, बाकी ठेवलं. याच राज्यात आंतरजातीय लग्नाला पन्नास हजारांची मदत देणारी योजनाही आहे. एका हाताने ओवाळायचं आणि दुसऱ्या हाताने पाळत ठेवायची. यावर नाटकाच्या उद्घाटनात कोणी पाहुणा बोललेला मी ऐकला नाही. स्टेजवर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरातली रुक्मिणी पळाली तर कोण कोण रुक्मी होऊन गाड्या काढेल, हे मात्र समोर बसलेल्या प्रेक्षकांना नावानिशी सांगता येईल.

तेव्हा मंडईच्या समित्यांना एक विनंती. या हंगामात भाषणं दहा मिनिटांत आटपा, लोक नाटक बघायला आलेले असतात. आणि मंडईच्या पाहुण्यांबरोबर घरी सोयरीक आली तर नऊ माणसांसमोर पोरीला उभं करण्याआधी आतल्या खोलीत तिला एकटीला विचारा. ती नाही म्हणाली तर तो ‘नाही’ तिच्या बापाने स्वतःच्या तोंडाने पाहुण्यांना सांगावा, त्याच दिवशी, चहा झाल्यावर.